भांडणासकट ढोलकी

मी, सयाजी राणोजी थोरात, वय सुमारे पासष्ट, धंदा तमाशात ढोलकी वाजवण्याचा, राहणार कुंडल, संस्थान औंध, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबाखाली न येता हे लिहून ठेवतो. दम आटत आलाय, डोकं अजून तालात आहे. अक्षर मास्तरांचं, बोलणं माझं.

घर व ओढ्याकाठची जमीन माझी पत्नी बनुबाई हिची, ती हयात असेतो. तिच्यामागे मुलगा मानसिंग याची. मी फडाबरोबर गावोगाव, मागं सगळं तिनंच राखलं. मी आपला नावाचा मालक.

मानसिंगास माझा रेशमी फेटा व चांदीचं कडं. तो पलटणीच्या बँडात ड्रम वाजवून आलाय आणि म्हणतो, "आबा, वाजवायला बँडच लय अवघड." समोर कागद, पुढं साहेबाची काठी, त्यात अवघड काय रं? नाटकातलं पद अवघड. सांगलीला एकदा तबल्याला बसलो. गवई ताना घेत सुटला, समेवर कवा येतोय म्हणून मी घामाघूम. लावणी त्याहून अवघड. सगळं ध्यान नाचणारीच्या पायांत ठेवायचं, आणि घरी बनुबाईला पटवायचं की ताल बघत होतो.

आता ढोलकी. ती नाथाजी ज्ञानू कदम यास द्यावी. हा माझा लहानपणापासूनचा जोडीदार, गावच्या भजनाचा मृदंगवाला. मिसरूड फुटल्यापासून आमचं एकच भांडण: वाजवायला लावणी अवघड की भजन? गेल्या कार्तिकी एकादशीला त्याचं मनगट सुजलं, म्हणून मृदंगावर मी बसलो. अभंग संथ चाललेला. माझा हात कुठला ऐकतोय! लावणीचा ठेका धरून सुटला. टाळकरी मागोमाग पळाले, आणि भर देवळात कुणीतरी शिट्टी मारली. तेव्हापासून नाथाजी माझ्याशी बोलत नाही. मृदंगाला लावायची भिजवलेली कणीक मात्र आमच्याच घरून नेतो, मागच्या दारानं. ती बनुबाईनं माझ्यामागंही बंद करू नये.

माझ्या तिरडीपुढं भजन होईल तेव्हा मृदंग नाथाजीनंच धरावा. डोळे भरून आले, हात चुकला, तरी कुणी त्याला हसू नये. त्या दिवशी तेच वाजवणं सगळ्यांत अवघड असेल, हे मी आजच मान्य करतो. भांडण तो जिंकला. लय आठवण येते गड्या.

साक्षीसाठी त्याला बोलावणं धाडलंय. दोन साक्षी नसल्या तर कागद रद्द होतो, असं मास्तर म्हणतात. होऊ दे. नाथाजी आला नाही तर त्याची जागा कोरी ठेवावी. दुसऱ्या कुणाची सही घेऊ नये.

मुक्काम कुंडल, ता. २१ फेब्रुवारी १९४६.

सही: सयाजी राणोजी थोरात

साक्षीदार:

१. आकाराम दादू माळी

२. नाथाजी ज्ञानू कदम. सही केली. मी जिंकलो न्हाई, आन् ढोलकी बी नगं. उद्या कणीक न्यायला फुडच्या दारानं येतो. तवा उठून बस.