ऐंशी वर्षांचा काटा

१२ जानेवारी, संध्याकाळ. टोकावडे.

शहरातून आलेल्या त्या चित्रकार मुलीने आज शाळेच्या भिंतीवर आम्हा बारा गाववाल्यांची घड्याळं टांगली. प्रत्येकाचं एकेक, ताटाएवढं. काटा एकच, आणि त्याची अख्खी फेरी ऐंशी वर्षांची! जन्मतारखेवरून तिने काटे लावलेत. मी टक लावून पाहिलं, पण हलताना काही दिसेना. मग चालतोय हे मानायचं कशावरून?

ती म्हणाली, "सर, इथे सगळ्यांचा वाढदिवस एक जूनलाच कसा?"

काय सांगणार? पोर शाळेत आलं की वय अंदाजाने धरायचं आणि एक जून लिहायचं. लिहिणारा मीच.

तेवढ्यात माझी जुनी विद्यार्थिनी कमळ, आता साठीची, पुढे आली. "मास्तर, ही तारीख तुमी लिवली. आय सांगायची, त्याच साली भात झोडत होते तवा मी झाले." आणि कोणाला न विचारता तिने आपला काटा बोटाने मागे सारला. जूनपासून झोडणीपर्यंत सहा महिने, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. मुलगी ओरडेल असं वाटलं, पण ती तर हसली.

तो दाणा डोक्यातून जात नाही. कमळचे सहा महिने इतकी वर्षं माझ्या रजिस्टरात अडकले होते की काय?

सगळे गेल्यावर माझ्या घड्याळापाशी थांबलो. तिथेही एक जूनच, माझ्या मास्तरांनी लिहिलेली. आई होती तेव्हा कधी विचारलं नाही. काट्याला बोट लावलं खरं. पण पुढे सारू की मागे?