तिसऱ्या बटणाची खरखर

आई,

गाडीचा एसी झालाय. गॅस भरला, कॉम्प्रेसरचा पट्टाही नवा घातलाय, तेव्हा आता खुशाल काचा लावून बस. रेडिओही वाजतोय. पण त्याचंच एक तोंडावर सांगवलं नाही, म्हणून लिहून ठेवतोय आणि दुकानात पळतोय.

त्या जुन्या रेडिओची बटणं मोठी इमानी. काटा हव्या त्या स्टेशनवर आणायचा, बटण बाहेर ओढून आत दाबायचं, की ते बटण ती जागा जन्मभर धरून ठेवतं. गिऱ्हाइकाचा रेडिओ दुरुस्त झाला की मी पाचही बटणं अशी ओढून-दाबून तपासतो. काल आपलाही तसाच तपासला. हात सवयीने चालत गेला, आणि बाबांनी लावलेली पाचही स्टेशनं पुसली गेली. तिसरंसुद्धा.

ते स्टेशन कधीचंच बंद पडलंय. तरी तू गाडीत बसून तेच बटण दाबायचीस आणि खरखर ऐकत राहायचीस. मी हसायचो, "आई, खरखर पाठ झाली का गं?" तू म्हणायचीस, "तू तुझी पक्कड सांभाळ."

तिसऱ्या बटणावर मी अंदाजाने काटा लावलाय. खरखर अगदी तशीच येते. गप्प बसलो असतो तर तुला कळलंही नसतं. पण तू रोज तिला कान लावून बसली असतीस, आणि ती बाबांची नसती गं, माझी असती.

तुझा धाकटा