जिन्यातला दिवा चालू ठेव

वरच्या मजल्यावरच्या नवरोबा,

मी बेकरीत कामाला निघालेय. तू झोपलायस, म्हणून हे फ्रिजवर चिकटवतेय. काल तू बाहेर होतास तेव्हा वायफायवाला येऊन गेला. राउटरची रेंज वर पोचावी म्हणून त्याने जिन्याच्या वळणावर छोटा डबा लावलाय. आता तुझ्या खोलीतही छान रेंज येते. लॅपटॉप काखोटीला मारून कुरकुरत खाली यायची तुझी कटकट मिटली.

फक्त एक लक्षात ठेव. त्या डब्याचा प्लग जिन्यातल्या दिव्याच्याच बटणावर चालतो. वर जाताना तू सवयीने दिवा बंद केलास की वायफायही जाईल, आणि मग माझ्या नावाने शंख करशील.

माझ्या पहाटेच्या पाळीने झोपमोड नको म्हणून तू वर झोपायला गेलास, तो वरचाच झालास. निदान मीटिंगला तरी स्वयंपाकघरात बसायचास. मी मिक्सर बंद ठेवायचे, चहा हवा का ते खुणेनं विचारायचे. तू नको म्हणायचास आणि माझ्याच कपातला अर्धा प्यायचास. आता तेही गेलं. वायफायचा तो डबा मीच लावून घेतला, तक्रार तरी कुणाकडे करू?

भाजी कढईत आहे, गरम करून घे.

दिवा मात्र रात्रीही चालू राहू दे. हवं तर रेंजसाठी म्हण. तुझी झोपमोड न करता तो जिना चढता येतो का, ते मला एकदा बघायचंय.