कमानीखालचे टेकू

निपाणी, ७ मार्च १९३४

तीर्थरूप आक्का,

केदारीचा तुझ्या पायांशी नमस्कार. मी खुशाल हाय, जेवण वेळेवर मिळतंय. तुझा गुडघा कसा हाय? आई दूध पिती का?

बँकेची इमारत उभी झाली. दर्शनी दाराची दगडी कमान माझ्या हातची. खालचे लाकडी टेकू काढले तवा चुना अजून ओला होता. मला कळत होतं, पण मी बोललो न्हाय. तवापासून जीव थाऱ्यावर न्हाय. घास टाकून उठतो आणि कमान बघून येतो.

शेवटी मधल्या दगडाच्या सांध्यावर चुन्याची पातळ पट्टी ओढली. काल ती चिरली. म्हणजे दगड सरकतोय.

उद्घाटन सोमवारी. मुकादम म्हणाले, "गप बस. पावणे गेल्यावर बघू."

"पावणे ह्याच दारानं येणार न्हवं?" मी म्हटलं, आणि टेकू परत ठोकले.

त्यांनी मला कामावरनं काढलं. पण टेकू काढायला दुसरा एकबी गवंडी पुढं झाला न्हाय. आता पावणे मागच्या दारानं येणार.

रविवारी घरी पोचतो. आईला एवढंच सांग, काम संपलं.

तुझा धाकटा,
केदारी