आधीच केलेला मलिदा

पप्पा, उद्या माझा रिपोर्ट येणार आहे आणि आज सकाळपासून मला तुमचा राग येतो आहे. छातीत गाठ आहे, तिचा तुकडा तपासायला मुंबईला पाठवलाय. राग यायचाच तर त्या गाठीचा यावा. पण येतो तुमचा, आणि तोही मलिद्यावरून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

आपले सगळे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू लोक, काम झालं की मलिदा करतात. आधी नवस, तो पुरा झाला की गुळात कालवलेल्या पोहे-खोबऱ्याचं ताट, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन देवाचे आभार. तुमचं सगळं उलटं. तुम्ही आभार आधी मानायचात. माझा बारावीचा निकाल लागायचा होता तेव्हा तुम्ही धाटावच्या कारखान्यातून पहिली शिफ्ट करून आलात, अंगाला कंपनीचा तो आंबूस वास, आंघोळ केलीत आणि सरळ स्वयंपाकघरात नारळ खवायला बसलात. कंपनीतले तुमचे दोस्त, आमचे चाचा, दारात खुर्ची टाकून बसले आहेत. शुक्रवारी दुपारी ते नमाजाला जात तेव्हा त्यांचं मशीन तुम्ही सांभाळायचात, आणि शब्बाथ म्हणून शनिवारची तुमची शिफ्ट ते करायचे. ते म्हणतात, "अरे, पोरीचा निकाल तर लागू दे. खुदालापण जरा वेळ दे की." तुम्ही मान वर न करता म्हणता, "त्याला कशाला वेळ लागतोय? लागतो तो आपल्याला." एवढ्यात मी केळं उचलते, तर माझ्यावर खेकसता, "आधी खजूर! केळं झाडाच्या फळांत येत नाय, त्याची प्रार्थना वेगळी." देवावर एवढा सैल भरवसा आणि केळ्याच्या बाबतीत एवढी शिस्त! मला तेव्हाही ते जुळवता आलं नाही.

मग आईचं ऑपरेशन. आदल्या संध्याकाळी पुन्हा ताट मांडलंत. आई बॅग भरता भरता आतून ओरडली, "अहो, मला जाऊन येऊ तर द्या! नारळ फोडू नका तो." आपल्या घरात नारळ फुटला की माघार नसायची, हे तिला माहीत होतं. तुम्ही फोडलात. तिने कपाळाला हात लावला, हसली, पेरूची एक फोड खाल्ली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही. आपलं सुतकाचं सात दिवस जमिनीवर बसणं संपल्यावर मी तुम्हाला विचारलं की ते आभार कसले होते. तुम्ही म्हणालात, "मग काय, मानलेले आभार परत मागून घेऊ?" आणि चहा ठेवायला उठलात. हे उत्तर आहे का, पप्पा? मी त्याच्याशी किती वर्षं भांडते आहे. वर आणखी वर्षाच्या आत माझ्या पेणच्या नोकरीसाठी, मुलाखतीच्या आधीच, पुन्हा मलिदा. लोक म्हणायचे, काय श्रद्धा! मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. देव आहे असं मानणं वेगळं आणि त्याच्यावर भार टाकून झोपणं वेगळं, असं मुंबईहून प्रार्थना चालवायला येणारे हजान सांगायचे आणि तुम्ही मला ते पुनःपुन्हा ऐकवायचात. तुम्ही झोपायचातही. जागी मी राहायचे.

आज दुपारी रोह्याहून चाचांचा फोन. आता त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ओरडून बोलतात. "रिपोर्ट उद्या हाय ना गो?" हो म्हटलं. "मग मलिदा आज का उद्या?" मी म्हटलं, चाचा, मस्करी नको. "मस्करी नाय गो बाय. तुझा बाप असता तर आतापावेतो ताट चाटूनपुसून साफ झालं असतं."

फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले, कारण सकाळपासून मी चोरून देवाकडे मागायलाच बघत होते. आणि मला मागताही येत नाही. आपल्या जुन्या रब्बींनी सांगून ठेवलंय की गावात आक्रोश ऐकू आला तर 'तो माझ्या घरातला नसो' असं म्हणू नये. जे होऊन गेलं ते बदलावं म्हणून केलेली प्रार्थना फुकट जाते. माझ्या गाठीत जे आहे ते आहेच. रिपोर्ट फक्त ते वाचून दाखवणार. मग मी मागू काय? मागण्याचा दरवाजा असा बंद केल्यावर उरतं काय, तर तुमचं ते खुळं ताट. त्यात मागणं नव्हतंच, हे मला या वयात, या आजारात समजावं, आणि समजावून सांगायला तुम्ही नसावं, याचाच मला संताप आला. तेव्हा नीट का नाही सांगितलंत? की तुम्हालाही ते नुसतं करता येत होतं, सांगता येत नव्हतं? आणि मला समजलं तरी पटलंय का? आईच्या ताटाचं काय? ते मला अजून पटलेलं नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते.

संध्याकाळी बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, आज एवढे पोहे? पाहुणे हायत काय?" मी नुसतं हसले. घरी येऊन पोहे भिजवले, गूळ किसला. यांनी आत डोकावून विचारलं, "आज काय आहे?" काही नाही म्हटलं. "रिपोर्ट तर उद्या ना?" हो म्हटलं. ते दारातच उभे राहिले, मग खुर्ची ओढून फळं चिरायला बसले. त्यांनी केळं सोलायला घेतलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आधी खजूर!" अगदी तुमच्या आवाजात. ते दचकले.

नारळ मी फोडलाय, पप्पा. आभारही म्हटले, हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असे. कशाचे, ते मात्र म्हणायचं टाळलं.