माझ्या हातचं

४ मार्च
आले एकदाची सासरी! शिवणयंत्र जिन्यावरून चढवताना हमाल मला आणि मी यंत्राला बोल लावत होते. घर दोन खोल्यांचं, पण खिडकी अशी की उजेड बरोबर डाव्या हाताने येतो. शिंपिणीला आणखी काय हवं? ह्यांचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे घरभर चष्म्याच्या डब्या. एकीत बटणं, एकीत लवंगा, एकीत झुरळ असेल म्हणून घाबरत उघडली, तर तीत साखर.
मुलगा चार वर्षांचा. आई जाऊन दोन वर्षं झाली. सगळ्यांना चिकटतो म्हणून त्याला मुंगळा म्हणतात. मला मात्र चिकटला नाही. कपाटाआडून बराच वेळ बघितलं आणि मग हाक मारली, ‘ए नवी.’ चला, नाव तरी मिळालं.
संध्याकाळी त्याची मावशी आली. आजवर त्याला तिनेच सांभाळलं. मला अहोजाहो करत होती, आणि नजर अशी की जणू कापड घेण्याआधी उलटून बघतेय. जाताना एवढंच विचारलं, की तुम्ही त्याला पोटभर जेवू घालाल ना?

१३ मार्च
मुंगळा जेवायला बसला की तोंड शिवून घेतो. आज घासांना नावं दिली. ही बस, हा ट्रक, हा रोडरोलर. रोडरोलर आत गेला आणि पठ्ठ्याने आणखी मागितला! आता चमचा दाखवला तरी मान फिरवतो. माझ्याच हातचं हवं. हे हसून म्हणाले, की दुकान बंद करून मीही रांगेत बसतो.

२ एप्रिल
मावशी पुन्हा नोकरीला लागली. आज खाली बघत विचारलं, की छकुलीला दिवसभर माझ्याकडे ठेवलं तर चालेल का. छकुली तिची मुलगी, नुकती चालायला लागलेली. मी हो म्हणायच्या आत तिने मला ताई म्हटलं. पहिल्यांदाच.
दोघांना समोर बसवून भरवते. एक घास ह्याला, एक तिला. दोघंही चिमणीच्या पिलांसारखी आ वासून. इतकं सुख एकदम आलं की बावरायला होतं.

१९ एप्रिल
मुंगळ्याला ताप. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. ऊन बाधलं असेल म्हणाले.

२५ एप्रिल
औषध बदललं, ताप तसाच. उतरतो, आशा लावतो, पुन्हा चढतो. मुलांच्या दवाखान्यात आणलंय. इथल्या डॉक्टरबाई मोजकं बोलतात. रक्तातले जंतू वाढवून बघणार आहेत. तो दवाखान्यातलं काही खात नाही. मीच पेज भरवते.

२९ एप्रिल
टायफॉइड. डॉक्टरबाईंनी मला काचेची बशी दाखवली. तिच्यात मुंगळ्याचे जंतू पसरलेले, सायीसारखे. वर औषधं भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल उमटतो. एका टिकलीभोवती गोल होता. बाकी सगळ्यांना साय अगदी कडेपर्यंत जाऊन भिडलेली. एकीवर तर चढलेली.
म्हणजे औषधं आहेत, पण नाहीत.

१० मे
त्या एका औषधाने ताप उतरला! घरी आणलं. उचलला तेव्हा शर्टाची घडी उचलल्यासारखा वाटला. मावशी माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, की ताई, तुमच्या हातात होता म्हणून वाचला.
आता ताकद भरून काढायची. थोडं थोडं, दिवसभर, माझ्या हाताने.

२६ मे
पुन्हा ताप. पुन्हा दवाखाना.

२८ मे
नवी बशी. गोल कुठेच नाही. शोधत राहिले. डॉक्टरबाईंनी माझ्या हातातून बशी काढून घेतली. म्हणाल्या, की हा आधीचाच जंतू, आता आणखी शिकलेला. आणि असंही म्हणाल्या, की आत दबून राहिला असेल, नाहीतर त्याच घरातून पुन्हा आला असेल. पाणी, दूध सगळं तपासायला नेलं. आमच्या शौचाचे नमुनेही.
घरातून. आमच्या घरात काय आहे?

३० मे
हे दवाखान्यात त्याच्याजवळ. मी घरी नळ घासला. भांडी उकळली. खेळणी जाळली. चष्म्याच्या डब्या फेकल्या. छकुली मागे मागे फिरत होती, तिला भरवून झोपवलं आणि पुन्हा फरशी. पाणी चांगलं निघालं. दूध चांगलं. मग कुठे आहे ते? भिंतींना कान लावावासा वाटतो.

२ जून
पोट फुगलंय. डोळे अर्धे उघडे, पण बघत नाही. दोन औषधं एकत्र देऊन पाहतात. डॉक्टरबाई आता माझ्याकडे न बघता बोलतात.
आज ओठ हलले. रोडरोलर म्हणाला. भाताचं पाणी बोटावर घेऊन लावलं. चोखलं त्याने. मग स्पष्ट हाक मारली, ‘आई.’ मला. मलाच.

४ जून
गेला.

५ जून
हे दुकानात जाऊन बसलेत, शटर ओढून.
डॉक्टरबाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं. विचारलं, की तुम्हाला कधी लांबलेला ताप आला होता का. आला होता, गेल्या वर्षी. पूर्ण बरी झाले होते. पूर्ण. त्या म्हणाल्या, की काहींच्या पित्ताशयात जंतू राहतो. माणूस ठणठणीत. हात धुतले तरी कधी नखात, कधी —
जंतू निघाला तो नमुना माझाच. तुमचा दोष नाही म्हणाल्या. पुन्हा पुन्हा म्हणाल्या.
घरात काही नव्हतं. मी होते.

६ जून
हात साबणाने, मग मिठाने, मग राखेने. कातडी निघाली. आत आहे ते कसं —
ह्यांना सांगितलं. माझ्या हातांकडे बघत राहिले.
मावशीला अजून कोणी — मीच सांगायचं. उद्या.

७ जून
सकाळ. मावशी दारात. कडी लावलीय मी. छकुलीचं रडणं, बारीक, दमलेलं. मावशीला वाटतंय मी दुःखाने बंद करून घेतलंय. म्हणतेय, की ताई, असं करू नका, मुंगळा गेला तरी ही आहे ना तुमची. रात्रीपासून हिचं अंग भाजतंय. दूध घेत नाही, पाणी घेत नाही. मी सांगतेय, दवाखान्यात ने, मी — मी — ती दार वाजवतेय. म्हणतेय, उघडा, ही कोणाच्याच हातचं घेत नाही हो, फक्त तुमच्या —