अर्थ सैल आहे

अण्णा,

तुम्हाला मुळीच आवडली नसती अशी गाडी मी घेतली आहे. ती पेट्रोलवर चालते आणि प्लगला लावून ठेवली की विजेवरही. गेले काही महिने ती खोटं बोलतेय. चालता चालता समोर लाल अक्षरं येतात, ‘यंत्रणेत बिघाड, सुरक्षित जागी थांबा’. हडपसरच्या पुलावर कुठली आलीय सुरक्षित जागा? मागे हॉर्न, पुढे बस आणि शेजारी आई पदराचा बोळा करून बसलेली. गाडी मात्र छान चालत राहते. पार्किंगमध्ये प्लगला लावली की चार्जरवर लाल दिवा आणि चार्जिंग बंद. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, खोटा इशारा आहे, लक्ष देऊ नका. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर मलाच ऐकवलं, “त्याच लाइनवर लिफ्ट चालते. ती कधी तक्रार करत नाही.”

तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडे बिबवेवाडीला आली, ते तुम्हाला कसं कळणार. आता तिला एकटं राहवत नाही. मी घरूनच काम करते. मी आंघोळीला गेले तरी ती दाराबाहेरून विचारते, “आहेस ना?” दादा परदेशातून फोन करतो आणि तू आहेस म्हणून निर्धास्त आहे म्हणतो. तिचा काही दोष नाही, ती घाबरलेली आहे. पण माझा जीव गुदमरतो, अण्णा. घरात एकही दार माझं असं उरलेलं नाही. गाडी बिघडली तेव्हापासून मात्र ती तपासायला म्हणून संध्याकाळी खाली जायला मिळतं. दवाखान्यात जायला गाडी लागते, म्हणून तेवढ्यासाठी आई मला सोडते. मी सीटवर बसते, काचा वर करते. कुणी हाक मारत नाही.

तिथेच बसून मार्केट यार्डामागचं तुमचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान आठवलं. मी फळीवर गृहपाठ करतेय, तुम्ही ट्रकखाली. कवितेचा अर्थ लागत नाही म्हणून मी कुरकुरते आणि खालून तुमचा आवाज येतो, “घासून परत लाव.” ड्रायव्हर हसून हसून बेजार. मग तुम्ही बाहेर येऊन मला बॅटरीची काळी वायर दाखवता. ती गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते आणि तिलाच दुकानात सगळे अर्थ म्हणतात. अर्थ सैल असला की सगळे दिवे खोटं बोलतात, असं तुम्ही म्हणालात. मी वाकून पाहिलं आणि घट्टच आहे की, असं ठोकून दिलं. तेव्हा तुम्ही डाफरलात, “डोळ्यांनी सगळंच घट्ट दिसतं. हात लावून बघ.” त्या कवितेत मला पुढे किती गुण पडले, आठवत नाही.

गेल्या रविवारी मी डिकीतलं झाकण काढलं. आत छोटी बॅटरी आहे. काळ्या वायरीला हात लावला तर ती गोल फिरली. नट आवळला आणि लाल अक्षरं गेली. चार्जिंग मात्र होईना, म्हणून वायरमन बोलावला. प्लगलाही अर्थ येत नव्हता. इमारतीची अर्थची वायर जिथे जमिनीत पुरतात, त्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं. सोसायटीने अंगण सुंदर करायचं म्हणून त्याच्यावरच ब्लॉक बसवून टाकलेले. सेक्रेटरींनी नाक मुरडत ते उखडू दिले, वायरमनने खड्डा साफ करून बादल्या ओतल्या आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

वर गेले तर आई दारातच उभी. “झाली का गं नीट?”

“नाही अजून,” मी म्हटलं. “खोटंच बोलतेय.”

“मग बघ सावकाश. माझी काळजी करू नकोस,” ती म्हणाली आणि भिंतीला धरून आत गेली.

हे गाडीतच लिहितेय. वर नेता येणार नाही, आई टेबलावरचं सगळं वाचते. उद्या तिला दवाखान्यात न्यायचंय. गाडी शहाण्यासारखी चालली तर तिच्या लक्षात येईल आणि माझी संध्याकाळ संपेल. म्हणून मघाशी मी तो नट पुन्हा थोडा सैल केला. उद्या पुलावर ती लाल अक्षरं बघून आई घाबरेल, माझा हात घट्ट धरेल, हे मला माहीत होतं. तरी केला. आणि अण्णा, करताना मला बरं वाटलं.